मुलकोवालची ५३-एन बाटली

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांनी प्लेगची लस टोचून घेतली. गाव तेव्हाच्या गुजरात जिल्ह्यातलं. आपल्या शेजारच्या गुजरातशी त्याचा संबंध नाही, आज ते पाकिस्तानात आहे. लस पाच बाटल्यांतून दिली गेली. जवळजवळ आठवडाभर काही झालं नाही. मग एकेकाचा जबडा आवळायला लागला, मान ताठली, पाठ धनुष्यासारखी मागे वाकली. धनुर्वात. तो झाला १९ जणांना, आणि ते सगळेच्या सगळे गेले. उरलेल्या ८८ जणांना काहीही झालं नाही.

कुणाला कुठल्या बाटलीतली लस मिळाली हे शोधता आलं, म्हणून पुढचं सारं कळलं. एकोणीसही जणांची लस एकाच बाटलीतली निघाली. बाटलीवर क्रमांक होता ५३-एन. ती मुंबईहून, परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेतून आली होती.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि हे प्रकरण दरवर्षी वर्गापुढे ठेवते. रुग्णाच्या खाटेजवळ दिसणारं, प्रयोगशाळेच्या टेबलावर दिसणारं आणि सरकारी कागदात उतरलेलं, असं तिन्ही एकमेकांसमोर ठेवून पाहिल्याशिवाय ते उलगडत नाही. मुलांना मी एकच प्रश्न विचारते. धनुर्वाताचे जंतू बाटलीत शिरले कधी? परळला, की मुलकोवालला? उत्तर द्यायची घाई करू नका, असंही सांगते, कारण ज्यांनी घाई केली त्यांच्या निकालाखाली एक माणूस पाच वर्षं दबून राहिला.

तो माणूस वाल्डेमार हाफकिन. जन्म १८६० चा, ओडेसाचा. रशियन साम्राज्यातला ज्यू, शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ, पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आलेला. त्याच्याकडे डॉक्टरी पदवी नव्हती आणि भारतातल्या गोऱ्या लष्करी डॉक्टरांच्या सेवेत तो बाहेरचाच होता. १८९२ मध्ये त्याने कॉलऱ्याची लस आधी स्वतःला टोचली आणि पुढच्या वर्षी ती घेऊन तो कलकत्त्याला आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरमध्ये सरकारने हाफकिनला मुंबईला पाठवलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली, व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले.

या खोलीत जे घडलं ते थोडं सावकाश सांगायला हवं, कारण पुढच्या वादाचं मूळ तिथे आहे. प्लेगचे जंतू वाढवायला त्याने मांसाचा रस वापरला. गाय आणि डुक्कर दोन्ही टाळायचे म्हणून मांस बोकडाचं. त्या रसावर त्याने तुपाचे थेंब तरंगत सोडले. जंतू त्या थेंबांच्या खालच्या बाजूला धरून वाढत आणि वडाच्या पारंब्यांसारखे खाली लोंबत. बाटली हलवली की पारंब्या तुटून तळाशी बसत, वर नव्या फुटत. पाच-सहा आठवडे हे चालायचं. मग बाटली ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवून जंतू मारायचे आणि अर्धा टक्का कार्बोलिक ॲसिड हे जंतुनाशक घालायचं. मेलेले जंतू आणि त्यांच्यापासून रसात उतरलेले पदार्थ, दोन्ही मिळून लस.

पारंब्यांचं खरं मोल पुढे कळतं. दुसरा कुठला जंतू आत शिरला तर रस गढूळतो, पारंब्या नीट धरत नाहीत. म्हणजे बाटली शुद्ध आहे की नाही हे बिनाचष्म्याच्या डोळ्यालाही दिसत होतं. वाढवण्याच्या पद्धतीतच तपासणी बसवलेली होती. आमच्या शास्त्रात इतकी साधी आणि इतकी चांगली युक्ती मला फार थोड्या ठिकाणी भेटली आहे.

१० जानेवारी १८९७ ला हाफकिनने ही लस स्वतःला टोचली, तीही पुढे लोकांना दिलेल्या मात्रेपेक्षा कितीतरी मोठी. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तीनशेहून जास्त कैद्यांपैकी निम्म्याच्या आसपास जणांनी लस घेतली. न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, ६ मेले. घेतलेल्यांत दोघांना झाला, मेलं कुणी नाही. कैद्याच्या होकाराला किती अर्थ, हा प्रश्न आज आपण विचारतो आणि तो विचारलाच पाहिजे. पण दोन गट एकाच भिंतीआड, एकाच अन्नावर, एकाच काळात राहत होते. तुलना करायला आणखी काय हवं? पुढच्या वर्षी बडोद्याजवळच्या उंढेरा गावात तर प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस देऊन निम्म्यांना तसंच ठेवलं. प्लेग शिरलेल्या २८ घरांत लस घेतलेले ७१ जण होते, त्यांतले ८ आजारी पडले आणि ३ मेले. न घेतलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले, २६ मेले. तीन आणि सव्वीस. हे आकडे वर्गात फळ्यावर लिहिले की काही क्षण कुणी बोलत नाही.

लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, टोचल्यावर ताप आणि सूज चांगलीच यायची. तरी मरण टळत होतं. १८९९ मध्ये परळचा जुना राजवाडा, गव्हर्नरांचं पूर्वीचं निवासस्थान, प्रयोगशाळेसाठी मिळाला आणि तिथून लशीच्या बाटल्या देशभर जायला लागल्या. लोकांचा भरवसा मात्र पाऱ्यासारखा होता. १८९७ च्या पुण्यात प्लेगच्या नावाखाली घराघरांत शिरून जे झालं ते सगळ्यांना आठवत होतं. सरकार सुईतून विष देतं, ही कुजबुज मुंबईपासून पंजाबपर्यंत होती.

१९०२ च्या शरद ऋतूत पंजाब सरकारने फार मोठी मोहीम आखली. लाखो मात्रा हव्या होत्या, आणि त्याही हिवाळ्याच्या आत. सहा आठवडे पारंब्यांची वाट बघत बसलं तर इतकी लस होणं शक्य नव्हतं. म्हणून परळने पद्धत बदलली. जंतू अगारवर, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या घट्ट थरावर, वाढवायचे, पाण्यात खरवडून घ्यायचे, तापवून मारायचे. अगारची ही रीत पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये चालत होती. नव्या लशीत कार्बोलिक ॲसिड घातलं जात नव्हतं. ५३-एन ही त्या नव्या पद्धतीची बाटली.

हाफकिनवर माझा कितीही जीव असला तरी हे मला मान्य करावं लागतं: मागणीच्या रेट्याखाली पद्धत बदलणं ही धोक्याची वेळ असते. पारंब्यांची डोळ्यांना दिसणारी पारख या बदलात गेली. जिथे एक तपासणी काढली जाते तिथे दुसरी उभी राहिली आहे का, हे विचारणं पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाचं काम होतं आणि ते त्याने विचारलं यात चूक नाही. चूक पुढे झाली.

चौकशी आयोगाचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स. सोबत दोन लष्करी डॉक्टर, बॉमफर्ड आणि सेंपल. आयोगाने निष्कर्ष काढला की बाटली मुलकोवालला उघडण्याआधीच दूषित झाली होती, म्हणजे परळमध्ये. कार्बोलिक ॲसिड वगळणं हा मोठा दोष ठरला. हाफकिनला पदावरून दूर व्हावं लागलं. तो लंडनला गेला आणि स्वतःच्या बचावाचे कागद गोळा करत राहिला.

आता पुरावा पाहू. आधी धनुर्वाताच्या जंतूची ओळख. हा जंतू मातीत आणि शेणात असतो, आणि तिथे तो बीजाणूच्या रूपात झोपून असतो. बीजाणू म्हणजे जाड कवचातली पुरचुंडी. उन्हाने, सुकण्याने, साध्या उकळण्यानेही सहज न मरणारी. हवा नसलेली, अन्न असलेली जागा मिळाली की बीजाणू उघडतो, जंतू वाढतो आणि विष सोडतो. माणसाला मारतं ते हे विष. जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनी १८८९ मध्ये हा जंतू शुद्ध रूपात वाढवला, आणि पुढे जर्मन शास्त्रज्ञ बेरिंगसोबत त्याच्या विषाचा उतारा शोधला. म्हणजे १९०२ मध्ये या जंतूच्या सवयी चांगल्या माहीत होत्या. आयोगाला नव्या शोधाची वाट बघायची गरज नव्हती.

पहिला धागा कार्बोलिकचा. अर्धा टक्का कार्बोलिक ॲसिड असतं तर बाटली वाचली असती का? कितासातोंनीच पाहिलं होतं की धनुर्वाताचे बीजाणू ५ टक्के कार्बोलिकमध्ये दहा तास टिकतात, मरायला पंधरा तास लागतात. अर्धा टक्का म्हणजे त्याच्या दशांश. इतर काही जंतूंची वाढ त्याने रोखली असती, पण मातीतून आलेला धनुर्वाताचा बीजाणू त्याने मारला नसता.

आता हेच माप मुलकोवालच्या दुसऱ्या टोकाला लावून बघा. टोचणीच्या दिवशी मदतनिसाच्या हातून बुचं काढायचा चिमटा जमिनीवर पडला. गावातली जमीन, गुराढोरांचा वावर. त्याने चिमटा उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात खळबळून घेतला आणि त्यानेच ५३-एनचं बूच काढलं. स्पिरिटच्या दिव्यावर लालभडक होईपर्यंत धरायला हवा होता. पाण्यात खळबळायला किती वेळ लागतो? काही सेकंद. पंधरा तास लागणारं काम काही सेकंदांत झालं, असं मानल्याशिवाय चिमटा निर्दोष ठरत नाही.

या प्रकरणातली ही जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बाटलीतल्या अर्धा टक्का कार्बोलिकची ताकद इतकी मानायची की ते वगळणं हा गुन्हा ठरावा, आणि बीजाणूंची चिवटता मात्र चिमट्याच्या वेळी विसरायची, हे जमत नाही. कार्बोलिकने बीजाणू मरत असतील तर चिमटा सुटतो. मरत नसतील तर परळवरचा मुख्य आरोप उरत नाही. मरत नव्हते, हे प्रयोगाने ठरलेलं होतं. चिमट्याची हकीकत साक्षीत आली होती, ती कुणी लपवलेली नव्हती. तिचं वजन केलं गेलं नाही.

दुसरा धागा वासाचा. बाटली उघडली तेव्हा ती भरून पाच-सहा आठवडे झाले होते. बूच बंद, बाहेरची हवा आत नाही, आत मेलेल्या प्लेगजंतूंचं भरपूर अन्न, बाहेर सप्टेंबर-ऑक्टोबरची ऊब. धनुर्वाताच्या जंतूला याहून चांगलं घर कोण देईल? परळलाच शिरला असता तर इतक्या दिवसांत तो बेसुमार वाढला असता, आणि त्याची वाढ घाण मारते. प्रयोगशाळेत ज्याने ती एकदा हुंगली आहे तो तिला विसरत नाही. टोचणारे डॉक्टर इलियट यांच्या साक्षीत अशा वासाचा उल्लेख नाही. बाटली उघडताना त्यांना काही वेगळं जाणवलं नाही.

तिसरा धागा घड्याळाचा. तो धरायला रुग्णाजवळ बसणाऱ्या डॉक्टरची नजर लागते. बाटलीत आठवड्यांची वाढ असती तर तिच्यात तयार विषही साठलं असतं. तयार विष टोचलं गेलं तर लक्षणं फार लवकर यायला हवीत, दोन-तीन दिवसांत, कदाचित त्याआधीही. मुलकोवालला ती यायला आठवडाभर लागला. शरीरात बीजाणू शिरतो, उघडतो, वाढतो, विष करतो, ते विष नसांमधून वर चढतं, या सगळ्याला लागणारा तो नेहमीचा काळ आहे. पायात खिळा घुसलेल्या माणसालाही साधारण इतकेच दिवस मिळतात. म्हणजे त्या दिवशी सुईतून गेले ते बहुतेक नुसते बीजाणू, अजून झोपलेले, नुकतेच मातीतून आलेले.

तुलनेला एक घटना आयोगाच्या काळातलीच होती. १९०१ मध्ये अमेरिकेत सेंट लुईस शहरात घटसर्पाच्या उताऱ्यातून धनुर्वात होऊन १३ मुलं मेली. तो उतारा ज्या घोड्याच्या रक्तापासून केला त्या घोड्यालाच धनुर्वात झालेला होता. तिथे दोष निर्मितीत होता हे उघड होतं, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने लस आणि उतारे बनवणाऱ्यांसाठी परवाने आणि तपासणीचा कायदा केला. त्यामुळे १९०२ च्या अखेरीस ‘लशीत धनुर्वात’ म्हटलं की मन आपोआप कारखान्याकडे वळणं स्वाभाविक होतं. वळलं ते वळलं. पण दोन प्रकरणांतले जंतू एक असले तरी बाटल्या एक नव्हत्या.

विरुद्ध बाजू मी मुलांना सोडू देत नाही. चिमट्याला किंवा बुचाला लागलेल्या चिमूटभर मातीतले बीजाणू बाटलीभर द्रवात इतके सारखे पसरतील का, की एकोणीसच्या एकोणीस मात्रांत जातील आणि एकही माणूस वाचणार नाही? हा प्रश्न जड आहे. याला दोन उत्तरं देता येतात. शेण मिसळलेल्या कणभर मातीत बीजाणूंची संख्या फार मोठी असू शकते, आणि बाटली हलवूनच लस ओढली जाते. शिवाय नुसते बीजाणू निरोगी मांसात गेले तर शरीर बरेचदा त्यांचा निकाल लावतं. पण इथे ते एकटे गेले नव्हते. सोबत मेलेल्या प्लेगजंतूंचा दाहक लगदा होता. टोचल्या जागी सूज येते, रक्तपुरवठा अडतो, पांढऱ्या पेशी त्या लगद्यात गुंततात, आणि बीजाणूला हवी तशी कोंदट जागा मिळते. म्हणजे लशीनेच नकळत जंतूला आसरा दिला. माझं मत चिमट्याकडे झुकतं, ठामपणे झुकतं. तरी बाटलीचं बूच निघाल्या क्षणाचा साक्षीदार जंतू देऊ शकत नाही. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटला विचारलं गेलं तेव्हा तिने इतकंच म्हटलं की टोचताना बाटलीतल्या द्रवात धनुर्वाताचे जंतू बहुधा होते. ते केव्हा आणि कसे शिरले हे ठरवणं शक्य नाही. हे उत्तर मला प्रामाणिक वाटतं. आयोगाला तिथेच थांबता आलं असतं.

सरकारने चौकशीचे कागद पूर्ण उघड केले ते १९०६ च्या अखेरीस. आणि ते छापून आल्यावर काही महिन्यांत निकाल कोसळला. मलेरियाचा डासांशी संबंध दाखवून १९०२ चं नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस, कलकत्त्यात हाफकिनचं काम जवळून पाहिलेले सिम्प्सन, अमेरिकेतले फ्लेक्सनर, अशा दहा जणांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये सही करून लिहिलं की प्रयोगशाळेवरचा आरोप सिद्ध झालेला नाही, उलट पुरावा त्या आरोपाच्या विरुद्ध जातो. त्यांनी नवा प्रयोग केला नव्हता. छापलेले कागद जंतुशास्त्र जाणणाऱ्या डोळ्यांनी वाचले, बस. हेच वाचन १९०३ मध्ये बंद दाराआड न होता उघड्यावर झालं असतं तर चार वर्षं वाया गेली नसती.

ती चार वर्षं कुणाची गेली? पंजाबात प्लेग वाढत गेला. १९०७ या एका वर्षात तिथे सहा लाखांवर माणसं प्लेगने मेली. मुलकोवाल झालं नसतं तर त्यांतले किती वाचले असते हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि लोक लशीपासून दूर राहण्याला कारणंही अनेक होती. पण १९ मृत्यूंची बातमी गावोगाव गेली आणि तिच्यामागून सरकारी निकाल गेला: दोष लशीतच होता. ज्या गावाने आधीच सुईकडे संशयाने पाहिलं त्याला आणखी काय सांगायचं उरलं? निकाल उलटा लागला असता, दोष न तापवलेल्या चिमट्याचा ठरला असता, तर प्रत्येक टोचणी पथकाला एक साधा धडा मिळाला असता: जमिनीवर पडलेलं हत्यार विस्तवातून काढल्याशिवाय बाटलीला लावायचं नाही. परळला दोषी ठरवल्यावर हा धडा शिकायचं कारण कुणालाच उरलं नाही.

त्या मदतनिसाबद्दल मुलं हटकून रागाने बोलतात. मी त्यांना थांबवते. भरगर्दीत, एकामागून एक माणूस पुढे येत असताना त्याने चिमटा जंतुनाशकात धुतला, म्हणजे त्याच्या समजुतीप्रमाणे काळजीच घेतली. बीजाणू म्हणजे काय हे त्याला कुणी कधी सांगितलं होतं? एकाच बाटलीतून वीस-वीस जणांना टोचायची रीत होती; एक चूक झाली की ती वीस जणांपर्यंत जाणारच. आज आपल्या गावातल्या आरोग्य उपकेंद्रात लसीकरणानंतर कुणाला गंभीर त्रास झाला तर कुपीचा बॅच क्रमांक, ती उघडल्याची वेळ, त्याच कुपीतून लस घेतलेली इतर बाळं आणि त्याच बॅचच्या दुसऱ्या कुप्या, हे सगळं एका कागदावर मांडतात. ५३-एनसाठी मांडावा लागला असता तो कागद नेमका हाच. उपकेंद्रातल्या सिस्टर आणि आशाताई हे रकाने भरतात तेव्हा मला ८८ आणि १९ हे आकडे आठवतात.

१९०७ च्या अखेरीस भारत सरकारने हाफकिनला पुन्हा बोलावलं. पण परळला नाही. कलकत्त्याला जागा दिली, आणि तिथे लस तयार करण्याचं काम त्याच्याकडे नव्हतं. ज्या हातांनी पारंब्या वाढवल्या त्या हातांना पुन्हा तशी बाटली मिळाली नाही. वयोमर्यादेपर्यंत तो तिथे राहिला आणि मग भारत सोडून गेला.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव दिलं गेलं. कळवल्यावर त्याचं आभाराचं पत्र आलं. त्यात मुलकोवालची तक्रार नव्हती. मुंबईतल्या कामात आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं गेली, आणि तिथल्या प्रत्येक गोष्टीबद्दल आपल्याला काय वाटतं ते सांगायला नको, असं त्याने लिहिलं. आणि तिथे काम करणाऱ्या सगळ्यांना आशीर्वाद कळवले. पाच वर्षांनी, ऑक्टोबर १९३० मध्ये, तो स्वित्झर्लंडमध्ये लोझानला वारला.